भाड्याने आणलेला रस्ता

कळंबोली, नवी मुंबई
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

माझे जुने दोस्त आणि (पुतळाच्या नात्याने) मेहुणे, हवालदार सिताराम मर्चंडे यांस,

सदानंद गमरे, सुभेदार (निवृत्त), याचा सप्रेम जय भीम आणि पाठोपाठ एक कडक जय हिंद. तो बसल्या जागेवरूनच स्वीकारावा, उठून उभं राहण्याची गरज नाही. (उठलाच असशील. बस खाली.) पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुझ्याशी बोलण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. तब्येत विचारली की तू 'एकदम फस्क्लास' म्हणतोस, आणि जरा खोलात गेलो की 'रेंज नाही, रेंज नाही' असं ओरडून फोन ठेवतोस. वाडीत रेंज कमी असते हे मला मान्य आहे, पण ती नेमकी माझ्या दुसऱ्या प्रश्नालाच कशी जाते? पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. फार तर अर्धवट टाकता येतं, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ताटातलं आणि हातातलं तू कधी अर्धवट टाकत नाहीस.

वेणूवहिनींना मात्र रेंज उत्तम मिळते. त्यांनी पुतळाला सगळं सांगितलं आहे, त्यामुळे तुझी तब्येत मी तुला विचारत नाही, तुलाच सांगतो. गुडघ्याखालची जखम पुन्हा ओली झाली आहे. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायला वेळेवर जीप मिळत नाही म्हणून तू घरीच हळद दाबतोस. आणि पुण्याहून मापाने बनवून आणलेला पाय दारामागे उभा आहे आणि वहिनी त्यावर छत्री अडकवतात. सरकारने दिलेल्या वस्तूचा हा वापर कुठल्या नियमात बसतो ते मला उलट टपाली कळवावं. आमच्याकडे म्हणशील तर सगळे मजेत. पुतळाचे गुडघे कुरकुर करतात, पण तिच्यापेक्षा कमीच. तुझा अभय आणि सूनबाई अक्षता दोघंही कामावर खूश आहेत. तुझी नात संघप्रिया शाळेत जायला लागली. घरात कोण कोण असतं असं बाईंनी विचारलं तेव्हा तिने सर्वांत आधी तुझं नाव सांगितलं. मी शेजारीच उभा होतो, पण मी काही दुरुस्ती केली नाही.

आता बातमीकडे येतो. आपल्या सेक्टरमधून माजी सैनिकांच्या दवाखान्याकडे जाताना मधे जो नाला लागतो, त्याच्यावरची ती मोडकी स्लॅब तुला आठवत असेलच. (नसेल आठवत तर तुझ्या कोपराला आठवत असेल.) गेल्या पावसाळ्यात ड्रेसिंगला जाताना तू तिथे पडलास. स्लॅबमधून वर आलेल्या सळीत तुझा पाय अडकला, तो पाय तिकडे आणि तू इकडे. आम्ही धावत आलो, कुठे लागलं म्हणून विचारलं, तर तू चिखलात बसून हसत म्हणालास, "नो प्रॉब्लेम." त्यानंतर तू दवाखान्यात जाणं हळूहळू बंद केलंस. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं तर स्टील मार्केटच्या कोपऱ्यावर ट्रेलर इतके दाटीने उभे असतात की धडधाकट माणूससुद्धा आडवा होऊन निघतो. मग गणपतीच्या आधी एके दिवशी तू गावची हवा मानवते असं जाहीर केलंस आणि वहिनींना घेऊन मंडणगडची एसटी धरलीस. गावची हवा! अरे, आयुष्यभर तू वाडीला 'रजेची जागा' म्हणत आलास. हवेची गोष्ट आम्हाला पटली नाही, पण तू सांगितलंस म्हणून आम्हीही 'नो प्रॉब्लेम' म्हणालो. आपल्या पलटणीत तेवढं एकच उत्तर सगळ्यांना पाठ आहे.

तू गेल्यावर आपल्या संघटनेची सभा भरली. अध्यक्ष अर्थातच ऑनररी कॅप्टन साळवीसाहेब. (आता त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सभा पूर्वीपेक्षा लवकर संपतात.) ठरलं असं की आमदारांना निवेदन द्यायचं. आमदार सुभाषशेठ यांच्याबद्दल माझं मत तुला माहीतच आहे, म्हणजे होतं. चौकाचौकांत हात जोडून हसणारा माणूस प्रत्यक्षात काही करत असेल यावर माझा भरवसा नव्हता. पण आश्चर्य असं की त्यांचा सेक्रेटरी निखिल याचा दोन दिवसांत फोन आला, की येत्या शनिवारी शेठ स्वतः जागेची पाहणी करायला येतील. साळवीसाहेबांना मी कानाशी जाऊन सांगितलं. त्यांना बाकी काही ऐकू आलं की नाही कोण जाणे, 'पाहणी' मात्र स्वच्छ ऐकू आलं. ते खुर्चीतून उठले, काठी बगलेत मारली आणि म्हणाले, "इन्स्पेक्शन! तयारीला लागा."

सिताराम, तू तिथे असतास तर तूही तेच केलं असतंस, म्हणून हसू नकोस. मोठा साहेब बघायला येणार म्हटलं की आपले हात आपल्या ताब्यात राहत नाहीत. मोठे साहेब यायचे तेव्हा आपण झाडांच्या बुंध्यांना गेरू फासला आहे, दगडांना चुना लावला आहे, एकदा तर (हे तुझ्याच सेक्शनने केलं होतं) सुकलेलं गवत हिरव्या रंगाने रंगवलं आहे. तेच इथे सुरू झालं. अण्णा-तात्या म्हणून घरी कपबशी न उचलणारे लोक फावडी घेऊन उतरले. ट्रान्सपोर्ट यार्डातून मुरूम आणून खड्डे बुजवले. नाल्याच्या काठाचं गवत कापलं. विटा तिरक्या पुरून त्यांना आलटून पालटून गेरू आणि चुना दिला. मोडक्या स्लॅबचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा मंडपवाल्याकडून स्टेजच्या फळ्या भाड्याने आणल्या, त्या नाल्यावर अंथरल्या, वर हिरवं कार्पेट टाकलं आणि दोन्ही बाजूंना नर्सरीतल्या कुंड्या मांडल्या, त्याही भाड्याच्याच. संध्याकाळी मी दोऱ्या लावून कुंड्यांची ओळ तपासली. एकही कुंडी ओळीबाहेर नव्हती.

पुतळा भाजी घेऊन त्याच वाटेने आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "खड्डा दाखवायला बोलावलंय ना त्यांना?" मी तिला शांतपणे समजावलं की आमदार हा व्हीआयपी असतो, व्हीआयपीला खड्ड्यातून चालवणं ही संघटनेची बेइज्जती आहे, खड्ड्याबद्दल त्यांना निवेदनात वाचता येईलच. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या कार्पेटवरून चालत पलीकडे गेली, उगाचच, आणि परत आली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला अशा चालण्याचा अर्थ कळायला हवा, पण माझं सगळं लक्ष तिच्या चपलांनी कार्पेटवर उमटलेल्या मातीकडे होतं.

शनिवारी शेठ आले. पांढरे कपडे, पायात साध्या चपला, मागे निखिल आणि आणखी चारपाच कार्यकर्ते. आम्ही सगळे ब्लेझर घालून, मेडलं लावून, एका ओळीत. शेठ कार्पेटवरून पलीकडे गेले, दवाखान्यात डोकावले, परत आले, कुंड्यांकडे बघितलं, विटांकडे बघितलं. चेहऱ्यावर कौतुक नुसतं सांडत होतं. म्हणाले, "काय रस्ता केलाव राव! एवरा मस्त रस्ता तर माज्या घरासमोर पन नाय हाय." निखिलने निवेदन काढून दाखवलं, तसे शेठ जरा गोंधळले. त्यांनी ओळीकडे वळून, अगदी मनापासून, विचारलं, "कोनाची काय तक्रार हाय का?"

आता तूच सांग, ब्लेझर घातलेली माणसं ओळीत उभी असताना समोरून साहेबाने हा प्रश्न विचारला की काय होतं? पलटणीच्या दरबारात कर्नलसाहेब विचारायचे तेव्हा काय व्हायचं? ज्याच्या बुटाला तळ नसायचा तोसुद्धा काय म्हणायचा? सगळी ओळ एका आवाजात गरजली, "नो सर!" साळवीसाहेबांना प्रश्न ऐकू आला नव्हता, तरी सर्वांत मोठा आवाज त्यांचा होता. माझाही होता. शेठ खूश झाले. आम्ही त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, चहा झाला, फोटो झाले, आणि ते गाडीत बसून निघून गेले. निखिलने जाता जाता मला सांगितलं की या कामासाठी धरलेला निधी आता दुसऱ्या एखाद्या गरजू ठिकाणी वळवता येईल, तुमचे आभार. मी त्यालाही सॅल्यूट ठोकला. गाडी वळणाआड गेल्यावर आपण काय केलं हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

पण फळ्या तर परत करायच्या होत्या. मंडपवाल्याचा टेंपो आला, त्याला संध्याकाळी कामोठ्यात कुणाचा तरी हळदीचा कार्यक्रम होता. आम्ही ब्लेझर काढून ठेवले आणि बनियनवर कामाला लागलो. अर्धं कार्पेट गुंडाळून माझ्या खांद्यावर, दोघांच्या हातात फळ्या, बाकीचे कुंड्या चढवतायत, असा देखावा असताना समोरून सुभाषशेठ पायी चालत आले. त्यांचा चष्मा चहाच्या टेबलावर राहिला होता आणि गाडी कोपऱ्यावर ट्रेलरच्या मागे अडकली होती. ते नाल्याच्या पलीकडच्या काठावर थांबले. खाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. मग अतिशय नम्रपणे मला म्हणाले, "सुभेदार, आता हितं रस्ता व्हता ना?"

माझ्या खांद्यावर त्यांनी विचारलेल्या रस्त्याची गुंडाळी होती. तेवढ्यात साळवीसाहेबांना आमदार दिसले आणि त्यांनी सवयीने आरोळी दिली, "सावधान!" ज्याच्या हातात जे होतं ते त्याने सोडलं. फळ्या नाल्यात पडल्या आणि नाल्यात जे होतं त्यातलं थोडं शेठच्या पांढऱ्या लेंग्यावर गेलं. बनियनवर, ताठ मानेने, आम्ही उभे. शेठनी लेंग्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात, "खरा सांगा. काय तक्रार हाय का?" आणि सिताराम, लाज वाटते लिहायला, आम्ही पुन्हा ओरडलो.

तेव्हा तुझी बहीण पुढे आली. चहाची भांडी आवरत होती, हात पुसत आली आणि म्हणाली, "साहेब, यांना विचारू नका. यांच्या जिभा अजून सरकारजमा आहेत, पेन्शनबरोबर परत मिळालेल्या नाहीत. मला विचारा." मग तिने सांगितलं. माझा दादा याच दवाखान्यात यायचा. सुरुंगाने पाय गेला तेव्हा रडला नाही आणि इथे या सळीत अडकून पडला तेव्हा हसला. पण त्यानंतर त्याने घराबाहेर पडायचं सोडलं आणि एक दिवस हवेचं निमित्त सांगून गावाला निघून गेला. "आणि हा रस्ता भाड्याचा होता साहेब. संध्याकाळी परत द्यायचाय." एवढं बोलून ती परत भांड्यांकडे वळली, कारण टेंपोवाला कपबश्याही मोजून नेणार होता. मला तिचा इतका अभिमान वाटला की कार्पेट खाली ठेवायचं मी विसरलो.

शेठनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या मोडक्या स्लॅबवरून, सळ्या चुकवत, एकेक पाऊल टाकत आमच्याकडे आले. मधे एकदा तोल गेला, मी हात दिला. अलीकडे येऊन ते पायरीवर बसले आणि म्हणाले की त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. मिठाने तळपायांची चाळण झाली होती, आणि शेवटी शेवटी शेठ त्यांना पाठीवर घेऊन डॉक्टरकडे न्यायचे, कारण बांधावरून त्यांना चालवत नसे. "बाप बी माजा असाच. इचारला का बोलं, काय नाय रं, बरा हाय." हे त्यांनी भाषणाच्या आवाजात सांगितलं नाही. नंतर त्यांनी चष्मा उचलला, निखिलला सांगितलं की निधी वळवायचा नाही, आणि साळवीसाहेबांना बजावलं की यापुढे या जागेवर चुन्याची एक पिशवी दिसली तरी काम बंद. साळवीसाहेबांना ऐकू आलं नाही, म्हणून ते मला नंतर लिहून द्यावं लागलं.

यापुढची गंमत सरकारी आहे. चौकशीत असं निघालं की अलीकडचा रस्ता एका कार्यालयाचा, पलीकडचा दुसऱ्याचा आणि नाला तिसऱ्याचा. मधली स्लॅब मात्र कोणाचीच नव्हती. मी स्वतः बेलापूरला जाऊन तिन्ही ठिकाणी बाकांवर बसून आलो. सगळीकडची माणसं सभ्य, सगळीकडे पंखे चांगले, आणि सगळीकडून मला अत्यंत प्रेमाने दुसरीकडे पाठवलं जाई. शेवटी शेठनी तिन्ही ठिकाणच्या साहेबांना एकाच सकाळी नाल्यावर बोलावलं. ते आले आणि आपापल्या हद्दीत उभे राहिले. दोघे अलीकडे-पलीकडे, तिसरे साहेब नाल्याच्या काठाला, पण स्लॅबवर पाय कोणी ठेवीना. जो ठेवील त्याची ती झाली, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. ऊन चढत होतं, बोलणं चाललं होतं, काम होत नव्हतं. तेव्हा पुतळाने काय केलं, तर स्लॅबच्या त्यातल्या त्यात धड असलेल्या अर्ध्या भागावर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर चहा आणि गरम कांदाभज्यांची परात. कुणाला बोलावलं नाही, आग्रह केला नाही. वास मात्र तिन्ही हद्दींत गेला. काठावरचे साहेब (अंगाने भरलेले, मनाने चांगले) बोलता बोलता दोन पावलं पुढे आले, एक भजं उचललं, आणि शेठनी टाळी वाजवली, "आला! साहेब, तुमी जिथं हाव, तिथला काम तुमचा." ते साहेबही मोकळेपणाने हसले. भजं तोंडात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. उरलेल्या दोघांनी जोडरस्ते आणि उतार करून द्यायचं कबूल केलं, कारण त्यांनाही भजी हवी होती.

काम सुरू झालं आणि आपल्या लोकांना जणू पुन्हा भरती झाल्यासारखं वाटलं. काँक्रीट पडलं त्या दिवसापासून आम्ही तिथे पहारा बसवला. (ठेकेदार म्हणाला, गरज नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं.) ओल्या काँक्रीटवर कुत्रं फिरकू दिलं नाही, पाणी वेळच्या वेळी मारलं. एकदा भर दुपारी शेठ स्वतः काम बघायला आले आणि सरळ पुढे निघाले, तर साळवीसाहेबांनी काठी आडवी धरून दरडावलं, "थम! कौन आता है?" आमदारांनी जागच्या जागी दोन्ही हात वर केले आणि नाव, गाव, काम सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना बाजूने जायची परवानगी मिळाली. चौकातला हसरा माणूस खरा निघाला, हे मी आता कोणासमोरही कबूल करायला तयार आहे. त्यांच्या नावाचा फलक पुलापेक्षा फार लहान नाही, पण एवढं त्यांना द्यायला हरकत नाही.

दवाखान्यातही त्यांनी लक्ष घातलं. चालायचा सराव करायला मागच्या बाजूला वेगळी खोली झाली, दोन्ही हातांनी धरायच्या दांड्या आल्या, आणि ऋता नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी नेमली गेली. पोरगी लाघवी, पण आपल्या ड्रिल उस्तादापेक्षा कडक. अधिवेशनात शेठ या विषयावर बोलले ते आम्ही सगळ्यांनी दवाखान्यात अभयच्या मोबाइलवर बघितलं. गिरजाबाईंनी (आपल्या कै. लान्सनायक सकपाळांच्या पत्नी) मोबाइल हातात धरला होता आणि शेठ दिसले की त्या पदर सावरत होत्या. शेठ म्हणाले की माझ्या मतदारसंघातले माजी सैनिक असे आहेत की डोक्यावर छप्पर पडलं तरी 'नो सर' म्हणतील, तेव्हा सरकारने यांना काही विचारू नये. यांच्या दवाखान्यांचे रस्ते न कळवता, आधी न सांगता जाऊन बघावेत. सभागृह हसलं आणि मंत्रिमहोदयांनी तसं करू असं सांगितलं. आम्ही हसलो नाही. आम्ही उभे राहिलो होतो.

तर असं सगळं छान झालं आहे. पूल भक्कम आहे, उतार हलका आहे, चाकाची खुर्चीसुद्धा एका माणसाला ढकलता येते. कठडा स्टीलचा आहे आणि कळंबोलीत स्टीलला तोटा नाही. तू मात्र काही घाई करू नकोस. तिकडे आंब्याला मोहोर असेल, हवा चांगली असेल, आराम कर. इकडे आम्ही सुखात आहोत. वेणूवहिनींना माझा आणि पुतळाचा जय भीम सांग, आणि दारामागची छत्री काढून खुंटीला लाव, एवढीच ज्येष्ठ हुद्द्याच्या अधिकाराने आज्ञा.

तुझा,
सदानंद

ता. क. पूल तयार आहे असं वर लिहिलं, पण तो चालू झाला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघ. उद्घाटनाची तारीख शेठ सारखी विचारतात. साळवीसाहेबांनी त्यांना सांगितलं आहे की या पुलाचा माणूस रजेवर आहे, तो हजर झाला की फीत कापू. तोपर्यंत दोन्ही टोकांना दोरी बांधली आहे आणि आम्ही सगळे पूर्वीसारखेच मोठ्या रस्त्याने, ट्रेलरमधून आडवे होत, दवाखान्यात जातो. गिरजाबाईसुद्धा. आमदारही परवा वळसा घालूनच आले, आणि कुरकुरले नाहीत. एवढ्या लोकांचे गुडघे तुझ्यामुळे झिजतायत याचा काय तो विचार कर.

ता. क. २. तू पडलास तेव्हा तुझी काठी नाल्याच्या काठाला राहिली होती, ती माझ्याकडे आहे. पार्सलने पाठवतो म्हणालो होतो, पाठवली नाही आणि पाठवणार नाही. कठडा किती उंचीवर लावू असं ठेकेदाराने विचारलं तेव्हा मी ती काठी पुलावर उभी केली आणि मुठीजवळ खूण करून दिली. बाकीच्यांना तो थोडा ठेंगणा पडतो, पण कोणी बोललेलं नाही. तू नसल्याने मला करमत नाही. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ३. (पुतळाच्या हातचं.) दादा, जय भीम. यांनी पत्र माझ्याकडे टपालात टाकायला दिलं, मी वाचलं. घाई करू नकोस वगैरे लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. हे रोज संध्याकाळी पुलाच्या अलीकडे दोरीला हात लावून उभे राहतात. विचारलं तर म्हणतात पहारा आहे. ऋताने तुझं ड्रेसिंग आणि सराव कसा करायचा ते सगळं ठरवून ठेवलंय, संघूने तुझ्यासाठी खाटेवरची अर्धी जागा सोडलीय. एकच कर. येतोस ते कोणालाही कळवू नकोस. तारीख कळली तर हे सगळे मिळून आदल्या दिवशी पुलाला चुना लावतील, नि तो ओला असेल. वहिनीला घे, तो पाय घे, आणि नुसता ये.